मुरवणे आणि मिरवणे

दिवाळी अंकात लेखकाने फराळावर लिहावे, असा एक अलिखित नियम आहे. चकली मऊ का पडते, करंजीचे पोट का फुटते, अनारसा तुपात का विरघळतो, या प्रश्नांवर मराठी माणसाने जेवढी शाई खर्च केली आहे तेवढी दुसऱ्या कुठल्या प्रश्नावर केली असेल असे मला वाटत नाही. मी हा नियम मोडणार आहे. मी मटणावर लिहिणार आहे. आणि नुसते लिहिणार नाही, भांडणार आहे.

आमच्या कोल्हापूरकडे लक्ष्मीपूजन होईपर्यंत फराळ मुकाट्याने गोड मानून घ्यायचा आणि एकदा पाडवा उलटला, की सकाळी सकाळी पिशवी काखोटीला मारून मटणाच्या दुकानापुढे रांग धरायची, हा पुष्कळ घरांचा कुळाचार आहे. भाऊबीजेला बहिणीने ओवाळावे आणि मग तांबडा-पांढरा पुढे ठेवावा. त्याशिवाय ओवाळणीचे पाकीट आम्हा भावांच्या खिशातून सुखासुखी बाहेर येत नाही. शाकाहारी वाचकांनी एवढ्यावरून पान उलटण्याची घाई करू नये. सुरणाच्या कापांना हळद, मीठ आणि कोकमाचे आगळ लावून तासभर ठेवणारी माउली आणि चापांना मीठ-हळद चोळणारी माझी आक्का एकाच शाळेच्या विद्यार्थिनी आहेत. भांडण त्या शाळेचे आहे.

प्रसंग गेल्या भाऊबीजेचा. माझी थोरली बहीण, आक्का, अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिचा नातू बंगळूरला नोकरीला असतो. मुलगा गुणी आहे, प्रेमळ आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्याच्याविषयी जे लिहिणार आहे त्यावरून कोणाचा गैरसमज होऊ नये. दिवाळीला येताना त्याने एक बाटली आणली होती. बाटली देखणी. तिच्यावर जाळीवर भाजलेल्या मांसाच्या जाड कापाचे चित्र, आणि कसलेही मांस हमखास लोण्यासारखे मऊ होईल असे इंग्रजीत आश्वासन. पाडव्याच्या सकाळी त्याने दीड किलो चाप आणले, आपल्या हाताने धुतले, बाटली त्यांच्यावर उपडी केली आणि भांडे फ्रिजमध्ये ठेवून दिले. भाऊबीजेच्या दुपारपर्यंत, मोजून तीस तास. आणि आजीला म्हणाला, "आजी, उद्या तू काहीही करायचं नाहीस. नुसतं बसायचं."

आक्का बसली. साठ वर्षे जिच्या हाताखाली त्या घरातली चूल, मग स्टोव्ह, मग शेगडी पेटली, ती बाई भाऊबीजेच्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून, हात मांडीवर ठेवून बसली. मी तिच्याकडे पाहिले तेव्हा तिचे डोळे तव्यावर होते.

चाप ताटात आले. वरचा थर बोटाने निघावा असा, भिजलेल्या कणकेसारखा. आणि आतला भाग? कोल्हापुरी चप्पल जगप्रसिद्ध आहे हे मला मान्य आहे, पण तिची जागा पायात आहे. आंबूस असा एक वास सबंध ताटावर तरंगत होता. जेवणारी सगळी माणसे सुसंस्कृत असल्यामुळे कोणी काही बोलले नाही. सूनबाई म्हणाल्या, "वेगळं झालंय." मराठीत 'वेगळं' हा शब्द पदार्थाच्या बाबतीत केव्हा वापरतात, हे आपल्याला ठाऊकच आहे. आक्काने एक चाप घेतला, तो सावकाश संपवला, आणि नातवाला एवढेच विचारले, "मीठ कधी लावलंस?"

"बाटलीतच असतं की, आजी."

त्यावर ती काही बोलली नाही. पण तिचा तो प्रश्न माझ्या डोक्यात जो बसला तो आजतागायत उठलेला नाही. आणि हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे, थोडे उशिरा दिलेले, उत्तर आहे.

दुपारी सगळे लवंडल्यावर मी ती बाटली खिडकीपाशी नेऊन चष्मा लावून वाचली. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे डब्याबाटल्यांवर घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. म्हणजे जे सर्वांत जास्त ते सर्वांत आधी. पहिले नाव निघाले पाण्याचे. दुसरे साखरेचे. मग व्हिनेगर, मग मीठ, मग दाट करणारा एक डिंक, मग रंग, मग ते टिकावे म्हणून घातलेले काही, आणि सर्वांत शेवटी, दाराशी उभ्या राहिलेल्या गरीब नातेवाइकासारखे, आले आणि लसूण. हे वाचून मला राग आला नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. पण बाटलीवाल्यावर एकट्यावर राग काढून भागणार नाही. त्याने धंदा केला. आपण आपल्या घरात खुर्ची रिकामी करून दिली म्हणून तो येऊन बसला.

प्रथम त्या चित्रातल्या मांसाविषयी. तो जाड काप म्हणजे साहेबाचा स्टेक. ज्या देशांत ही बाटली जन्मली, तिथे उत्तम स्टेक हा गुराच्या पाठीकडच्या, फारसे कष्ट न करणाऱ्या स्नायूचा असतो. जो स्नायू कमी राबतो तो मऊ, जो राबतो तो चिवट. हा न्याय फक्त जनावरांपुरताच आहे की काय, यावर मी इथे बोलत नाही. शिवाय ते मांस जनावर कापल्यावर कित्येक दिवस, कधी कधी आठवडे, थंड जागी टांगून ठेवतात, आणि त्या काळात मांसातलेच पाचक रस त्याचे धागे सैल करतात. म्हणजे मऊपणाची निम्मी-अधिक कमाई चुलीपाशी येण्याआधीच झालेली असते. अशा कापाला वरून काही चोपडले काय आणि न चोपडले काय; दोन्ही बाजूंनी तीन-चार मिनिटे तव्यावर धरला, आत गुलाबी राहिला तरी साहेबाची तक्रार नाही. बाटली तिथे मुख्यत्वे स्वस्तातल्या, राबलेल्या कापांसाठी असते, आणि वरवरची चव देण्यापलीकडे तिच्याकडून सुज्ञ माणूस अपेक्षा करत नाही. आपले काय? आपले बोकड पहाटे कापलेले, सात वाजता दुकानात टांगलेले, नऊ वाजता आपल्या पिशवीत. आपल्याला ते आतपर्यंत शिजलेले लागते. हाड लागते. तेव्हा त्यांची कृती आपल्या चापांना लावणे म्हणजे उंच माणसाचा कोट ठेंगण्याने घालण्यापैकी आहे. कापड चांगले असले तरी बाह्या लोंबतातच.

आता मऊपणाचे शास्त्र. मी रसायनशास्त्रज्ञ नाही, पण वाचू शकतो, आणि ज्यांनी यावर आयुष्य घातले त्यांचे वाचले आहे. इंग्रजीत 'मॅरिनेड' म्हणून जो शब्द मिरवतो, त्याच्या पोटात समुद्र आहे. लॅटिनमधल्या समुद्रवाचक शब्दापासून तो निघाला. मूळ अर्थ खारे पाणी. म्हणजे मुरवण्याची सुरुवात मिठापासून होते, हे त्या शब्दालाच माहीत होते. आपण शब्द उचलला आणि अर्थ तिथेच टाकून आलो. मांसाला लावायच्या सगळ्या जिनसांत आतपर्यंत पोचणारी जिन्नस काय ती मीठ. ते आधी मांसातले थोडे पाणी बाहेर ओढते. तुम्ही मीठ लावून अर्ध्या तासाने भांडे उघडले तर तळाशी पाणी दिसेल, आणि नवखा माणूस घाबरून ते ओतून देईल. ओतू नये. त्याच पाण्यात विरघळून मीठ हळूहळू परत आत जाते, स्नायूंतली काही प्रथिने सैल करते, आणि मग आच लागली तरी मांस आपले पाणी पूर्वीइतके पिळून टाकत नाही. ताज्या कापलेल्या मांसाला तर मीठ जितके लवकर लागेल तितके ते पाणी अधिक धरून ठेवते. "मीठ कधी लावलंस?" या प्रश्नात एवढे सगळे होते. तिने 'किती' असे विचारले नव्हते, 'कधी' असे विचारले होते.

मसाला? मसाला पृष्ठभागावर राहतो. लसूण, मिरे, धणे यांची चव तीस तासांत सुद्धा काही सुतांच्या पलीकडे जात नाही. "जितके जास्त मुरेल तितके चांगले" हे वाक्य आपण लोणच्यावरून उचलले आणि मांसाला चिकटवले. कैरीची फोड मुरते, तशी बोकडाची मांडी मुरत नाही. आणि आंबटाचे म्हणाल, तर लिंबू किंवा व्हिनेगर हे वरच्या थरालाच धरतात आणि फार वेळ ठेवले तर त्या थराची रवाळ, कोरडी, खडूसारखी गत करतात. हॅरल्ड मॅक्गी या अमेरिकन लेखकाचा स्वयंपाकाच्या विज्ञानावरचा मोठा ग्रंथ १९८४ साली निघाला आणि २००४ साली त्याची सुधारलेली आवृत्ती आली. त्यातही आंबट मुरवणीच्या या मर्यादा सांगितल्या आहेत. मग गोव्याच्या ख्रिस्ती घरांतून मांसाला ताडीचे व्हिनेगर इतके सढळ हाताने का घालतात, असे कोणी विचारील. विंदालूचे मूळ पोर्तुगीज नावच मुळी दारू आणि लसूण यांचे आहे. पण तिथे आंबटाचे मूळचे काम मांस टिकवण्याचे होते. फ्रिज नावाची वस्तू नव्हती त्या काळातली ती शहाणी सोय. चव जिभेवर बसली म्हणून ती पुढेही राहिली. शिवाय ते मांस डुकराचे, चरबीचे, सावकाश शिजणारे. त्यांच्या व्हिनेगरला मी हात जोडतो. माझे म्हणणे एवढेच की ते आमच्या चापांचे औषध नव्हे.

उरली पपई. पपईविषयी आपल्याकडे अर्धवट ज्ञानाचा सुकाळ आहे. ती मुळात अमेरिकेतली. पोर्तुगीजांच्या काळात, सोळाव्या शतकात, मिरचीच्या मागोमाग आपल्याकडे आली आणि अशी रुजली की आज तिला कोणी परकी म्हणणार नाही. (घरच्या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी, ज्यांत मीही आहे, हे अधूनमधून आठवावे.) कच्च्या हिरव्या पपईच्या चिकात पपेन नावाचा पाचक रस असतो आणि तो प्रथिने अक्षरशः कातरतो. पिकलेल्या पपईत तो जवळजवळ उरत नाही. म्हणून नाश्त्याच्या ताटातली केशरी फोड मटणात टाकणाऱ्यांनी ती खाऊन टाकलेली बरी. हा रस सर्वांत जोरात चालतो तो साठ ते सत्तर अंशांच्या उष्णतेत, म्हणजे भांडे चुलीवर चढून गरम होत असताना. फ्रिजमध्ये तीस तास ठेवून मिळते काय, तर वरच्या थराचा लगदा. लखनौकडे काकोरी कबाबाला कच्ची पपई घालतात, पण तो कबाब खिम्याचा. कणाकणाला पपई भिडते, आणि लगदाच हवा असतो. आपल्या चापाला ती हवी, पण अर्धा तास आणि नखभर.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला माहीत नव्हती आणि जी प्रत्येक घराला ठाऊक असावी असे वाटते. १९६३ साली न्यूझीलंडमधल्या लॉकर आणि हॅगयार्ड या दोघा संशोधकांनी दाखवून दिले, की नुकतेच कापलेले मांस घाईने फार थंड केले तर त्याचे स्नायू आखडतात आणि ते चिवट होते. म्हणजे दुकानातून आणलेले ताजे मटण तसेच्या तसे बर्फाच्या कप्प्यात कोंबण्याची आपली जी शहरी सवय, ती मऊपणाच्या मुळावर येते. ताजे मटण आणले की मीठ-हळद लावून तासभर झाकून सावलीत ठेवावे आणि मग फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सरकवावे. याहून जास्त वेळ बाहेर ठेवण्याइतके आपले हवामान भले नाही. आक्काच्या घरी पूर्वी फ्रिज नव्हता तेव्हा हे आपोआप होत असे. फ्रिज आला तरी ती तसेच करीत राहिली, आणि आम्ही सगळे तिला हसत राहिलो की आक्काला फ्रिज वापरता येत नाही.

इथे मला दुसऱ्या आरोपीला पिंजऱ्यात उभे करायचे आहे. बाटलीवाल्यापेक्षा तो जास्त गुन्हेगार आहे, आणि दुर्दैवाने तो मीच आहे. मी आणि माझ्यासारखे, ताटावर बसून "आक्काच्या हाताला चव आहे" असे म्हणणारे सगळे.

'हाताची चव' हा मराठी घरातला सर्वांत लबाड शब्दप्रयोग आहे. वरून कौतुक, आतून पळवाट. हाताला चव आहे असे एकदा म्हटले की ती विद्या राहत नाही, दैवी देणगी होते. देणगी शिकता येत नाही, तेव्हा शिकण्याचे कारण नाही. लिहून ठेवता येत नाही, तेव्हा लिहून घेण्याचेही कारण नाही. आणि जिच्या हातात ती आहे तिने जन्मभर त्या चुलीपाशी उभे राहणे हे ओघानेच आले. गवंड्याला आपण 'हाताला भिंत आहे' असे म्हणतो काय? त्याला माप विचारतो, मिश्रण विचारतो. बाईला विचारत नाही. आणि मग एक दिवस तिचे गुडघे दुखू लागतात, नातू प्रेमाने तिला खुर्चीवर बसवतो, आणि तिच्या जागी बाटली येते. त्या पोराचा यात काय दोष? त्याच्यापुढे दोनच गोष्टी होत्या: एक शिकता न येणारी आणि एक विकत मिळणारी.

लिहिणाऱ्या बायका आपल्याकडे नव्हत्या असे नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांचे हजार पाकक्रियांचे पुस्तक १९१० सालचे, आणि त्यात मांसमच्छीला सोवळे-ओवळे नाही. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली आली आणि वाटी-चमच्याच्या मापाने तिने हजारो नव्या सुनांना धीर दिला. त्याच्याही कितीतरी आधी, बाराव्या शतकात, कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या सोमेश्वर राजाने 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात अन्नभोगावर लिहिताना मांस भाजण्याच्या, त्याला हिंग-मीठ आणि आंबट रस लावण्याच्या कृती नोंदवल्या. राजाला ते लिहिण्यात कमीपणा वाटला नाही. माझ्यासारख्या पेन्शनर मास्तराला मात्र सत्तर वर्षांत आपल्या बहिणीला दोन ओळी विचाराव्यात असे वाटले नाही.

शेवटी पौषात एकदा मी कोल्हापूरला गेलो आणि वही घेऊन तिच्यापुढे बसलो. "तुझ्या हाताची चव मला लिहून घ्यायची आहे," असे काहीतरी बोललो. ती म्हणाली, "हाताला चव असती तर तू मटण सोडून हातच चाटला असतास. काय विचारायचंय ते सरळ विचार."

मी विचारले. तिला सांगायला पाच मिनिटे लागली. "एवढंच?" मी म्हणालो.

"एवढंच. कोणी विचारलंच नव्हतं कधी."

तिने सांगितले ते असे. मटण आणण्यापासून सुरुवात करायची. दुकानदाराला 'चांगलं दे' म्हणून सांगणारा माणूस फसायला लायक असतो. त्याला सांगावे, कोवळ्या बोकडाचे चाप दे, बोटभर जाडीचे, आणि चरबीची कड ठेव. रश्शाला हवे असेल तर सीना आणि नळी. त्यांना पपईबिपई काही नको, मंद आचेवर ती आपल्या वेळाने आपली मऊ होतात, कारण हाडांजवळचे चिवट पडदे उष्णतेत सावकाश विरघळून रसाला दाटपणा देतात. तव्यावर परतायचे असेल तरच मुरवण्याचे महत्त्व. चाप आणले की ओल्या फडक्याने पुसून वरवंट्याने, जीव न घेता, दोन्ही अंगांनी ठेचायचे. कुठे नुसते मांसच कापायची वेळ आली तर धागा कुठल्या दिशेने जातो ते आधी पाहायचे आणि सुरी त्याच्या आडवी चालवायची. लांब धागा दाताखाली दोरीसारखा लागतो, आखूड धागा सुटतो. निम्मा मऊपणा त्या सुरीत असतो, असे तिचे म्हणणे. बाटलीवर हे छापत नाहीत, कारण सुरी घरात आधीच असते.

मग मीठ. अर्ध्या किलोला एक सपाट लहान चमचा, अर्धा चमचा हळद, हाताने चोळून, आदल्या रात्री. आदली रात्र जमली नाही तर निदान चार तास आधी. त्या दिवशीचे काम एवढेच. सकाळी आले, लसूण, दोन हिरव्या मिरच्या आणि मूठभर कोथिंबीर यांचे पाट्यावर नाहीतर मिक्सरमध्ये वाटण. कच्च्या ताज्या आल्यातही पपईसारखाच एक पाचक रस असतो, तो तापवले की मरतो, म्हणून आले त्याच दिवशी वाटलेले हवे. त्यात एक चमचा घरचा कांदा-लसूण मसाला, दोन चमचे दही. दही फडक्यात बांधून पाणी काढलेले. दह्याचा आंबटपणा सौम्य, तो मांसाशी भांडत नाही, मसाला चापाला धरून ठेवतो आणि तव्यावर रंग देतो. चमचाभर गोडे तेल. हे सगळे चापांना लावून दोन तास. आणि तवा चढवण्याच्या अर्धा तास आधी सालासकट किसलेली हिरवी पपई, अर्ध्या किलोला एक लहान चमचा. बोकड कोवळे असेल तर तीही नको. "पपई ही म्हाताऱ्या बोकडाची काठी आहे," आक्का म्हणाली, "तरण्याला कशाला द्यायची?"

बिडाचा तवा चांगला तापू द्यायचा. चापांवरचे जास्तीचे वाटण निपटून बाजूला ठेवायचे, नाहीतर चाप भाजण्याऐवजी आपल्याच पाण्यात उकडतात. दोन्ही बाजूंना तांबूस रंग आला की आच मंद, बाजूला काढलेले वाटण वर, पाण्याचा हबका, आणि झाकण. बोकडाचे चाप पाच मिनिटांत होतात असे जो सांगतो त्याच्याकडे जेवायला जाऊ नये. अर्धा तास, कधी थोडा जास्त. सुरीचे टोक हाडाजवळ सहज गेले की उतरवायचे आणि ताटात वाढण्याआधी पाच-सात मिनिटे तसेच राहू द्यायचे.

आता पहिला आक्षेप मला ऐकू येतो: अहो, आजच्या धावपळीत एवढा वेळ कोणाला आहे? हा आक्षेप मी फार दिवस मनापासून खरा मानत होतो. पण हिशेब करून पाहा. मीठ चोळायला पाच मिनिटे, वाटणाला दहा. बाकीचा सगळा वेळ मिठाचा आहे, तुमचा नाही. त्या वेळात तुम्ही झोपलेले असता. उलट बाटलीनेच आमचे तीस तास खाल्ले. वेळ वाचतो म्हणून बाटली येते हे खरे नाही. विचारायला नको म्हणून बाटली येते. बाटलीला आपले अज्ञान दिसत नाही. आक्काला ते दिसते, आणि ती ते बोलून दाखवते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे, आणि तो एका सुशिक्षित भाचीने माझ्या तोंडावर केला. ती म्हणाली, "मामा, तुमचा हा सगळा खटाटोप म्हणजे बायकांना पुन्हा पाट्यावरवंट्याला जुंपण्याचा डाव आहे. बाटलीनं निदान आमची सुटका तरी केली." तिला मी जे सांगितले तेच इथे सांगतो. मीठ लावायला स्त्रीजन्म घ्यावा लागत नाही. सुनांनी परत चुलीपाशी जावे असे म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. मी म्हणतो, ही विद्या इतकी सोपी आहे की घरातल्या कोणालाही यावी, आणि ज्याला खायला आवडते त्याला तर यायलाच हवी. भाचीचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. "आधी करून दाखवा," असे ती म्हणाली.

ज्येष्ठातल्या एका रविवारी करून दाखवले. नातू सुटीवर आला होता. त्यालाच हाताशी घेतला. शनिवारी रात्री मीठ त्याने चोळले, माप मी धरले, आणि त्याने ते सगळे आपल्या मोबाइलमध्ये टिपून घेतले. सकाळी पपई किसताना मी एक लहान चमच्याऐवजी दोन घालणार तोच आतून "एकच!" असा आवाज आला. तिला तिथून दिसत कसे होते, हे मला अजून कळलेले नाही. खुर्ची तिने स्वयंपाकघराच्या आत, शेगडीजवळ ओढून घेतली होती.

जेवताना तिने पहिला चाप घेतला. आम्ही दोघे, एक पंचाहत्तरीतला आणि एक पंचविशीतला, परीक्षेला बसलेल्या पोरांसारखे तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो. भाचीही आली होती. तीही घास हातात धरून थांबली.

"मीठ पोचलंय," आक्का म्हणाली. मग हाड बाजूला ठेवून, दुसरा चाप उचलत, "पण ठेचलेत फार. आणि ही कोथिंबीर कुठून आणलीस रे? वासच नाही हिला."